दोनदा उकळून फेकलेली बुरशी

एका माणसाच्या डोक्यातला रोग मी दोनदा माझ्या हातानं उकळला आणि दवाखान्यामागच्या नालीत ओतून दिला. वर कागदावर शिक्का मारला, ‘नमुना अस्वच्छ’. तो शिक्काही मीच हौसेनं करवून घेतला होता, कारण तेच ते दोन शब्द दिवसातून दहादा लिहायचा मला कंटाळा यायचा.

संपादकांनी ‘प्रयोगशाळेतल्या गमतीजमती’ मागवल्या आहेत. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं, असंही कळवलं आहे. दुसऱ्यांच्या थुंकी-लघवीत आयुष्य काढलेल्या माणसाजवळ गमती कमी नसतात. एक कापसाचे व्यापारी लघवीचा नमुना अत्तराच्या कुपीतून पाठवायचे, आणि साखर निघाली की दोष कुपीवर घालायचे. एक वकीलसाहेब स्वतःच्या ऐवजी गड्याची लघवी पाठवत. गडी धडधाकट होता. तीन वर्षं वकीलसाहेबांचा मधुमेह कागदावर सुधारत गेला आणि पायाची जखम चिघळत गेली. अशा गमतींवर पानं भरता येतील. पण त्या सांगून मी मोकळा होईन आणि जे सांगायला हवं ते पुन्हा एकदा राहून जाईल. तसं राहू द्यायची मला चांगली सवय आहे.

यवतमाळला तेव्हा एका विश्वस्त मंडळाचा दवाखाना होता. नाव सांगत नाही. आता तो उरलेलाही नाही. त्याची लॅब म्हणजे जिन्याखालची एक खोली. तीत एक जुना मायक्रोस्कोप, एक उबवणपेटी, वाफेवर उकळायचा एक डबा, आणि मी. इंटर सायन्सला नापास झाल्यावर नागपूरला सहा महिने काम शिकून आलो होतो, तेवढ्यावर सगळे मला ‘लॅबवाले बाबू’ म्हणत आणि मी ते मान म्हणून घेत असे. मोठे डॉक्टर सकाळी चहा घेता घेता कोऱ्या अहवालांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत. दिवसभरात मी त्यावर काय लिहितो ते त्यांनी कधी पाहिलं नाही. खालची सही त्यांची आणि वरचा मजकूर माझा, अशी आमची व्यवस्था होती. ती सगळ्यांना सोयीची होती, रोगी सोडून.

अहवाल लिहिण्याची एक रीतही होती, ती कुठल्या पुस्तकात नाही. बंगल्यावरून आलेल्या नमुन्यात जंत निघाले तर ‘क्वचित अंडी आढळली’ असं लिहायचं. शहराच्या कडेच्या वस्तीतून आलेल्या नमुन्यात तेच जंत निघाले तर ‘जंत भरपूर’, आणि वर स्वच्छता राखण्याची ताकीद. जंत तेच, मोजणारा तोच. ही रीत मला कोणी शिकवली नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी चालत आली होती, त्यामुळे ती मला न शिकवताच येत होती.

आता थोडं कामाबद्दल. शरीरातून पू काढला की आम्ही दोन गोष्टी करतो. एक थेंब काचेवर पसरून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहतो. त्यातून रोगजंतूंची जात कळते. दुसरा थेंब खाद्यावर पेरतो. क्षयाचे जंतू फार हळू वाढतात, त्यांच्यासाठी अंडी फोडून, गाळून, त्यात हिरवा रंग घालून लहान बाटल्यांत तिरपं थिजवलेलं खाद्य लागतं. अंडी फोडायचं काम करतो म्हणून माझ्या आईनं पहिले सहा महिने मला घरात शिरण्याआधी अंगणात कपडे बदलायला लावले. त्या बाटल्या अंगाच्या उष्णतेइतक्या गरम पेटीत दीड-दोन महिने ठेवायच्या आणि दर आठवड्याला पाहायच्या. त्यात बुरशी उगवली की समजायचं, हवेतून पडली. बाटली डब्यात उकळायची, धुवायची, पुन्हा वापरायची. बुरशी म्हणजे केर. आम्हाला तसंच शिकवलं होतं, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते खरंही असतं.

यवतमाळच्या लॅबला आणखी एक शाप होता, तो रुईचा. दिवाळी झाली की सरकी काढायचे कारखाने, म्हणजे जिन, सुरू होत, आणि होळीपर्यंत गावाच्या हवेत कापसाचे तंतू तरंगत. भातात निघत, दुधात निघत, देवाच्या निरांजनात आपोआप जाऊन बसत. माझ्या काचेवरही ते असायचेच. मायक्रोस्कोपखाली धागा दिसला की नजर त्याच्यावरून उडी मारून पुढं जायची. इथं काम करणाऱ्याच्या डोळ्याला ती उडी महिन्याभरात जमते. नागपूरचा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही.

सत्तावन-अठ्ठावनचा हिवाळा. बाभुळगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला किसन नावाचा माणूस दवाखान्यात आला. वय तिशीच्या थोडं पुढं. हंगामात जिनात कापूस टाकायच्या कामावर असे. दोन महिन्यांपासून डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, आणि आता उजव्या हातातून वस्तू गळून पडत होत्या. त्याच्याबरोबर त्याची बायको सुभद्राबाई होती. नोंदवहीत जातीचा रकाना असे. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बौद्ध लिवा जी. आमी नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो.” मी मान हलवली आणि जुनी जात लिहिली. ती वाचता न येणारी बाई माझ्या टाकाकडं समाधानानं पाहत होती.

आमचे सर्जन पूर्वी फौजेत होते. त्यांना कवटीला भोक पाडता येत असे आणि ते पाडायची संधी त्यांना फार दिवसांत मिळाली नव्हती. त्यांनी किसनचं डोकं भादरलं, आयोडीन लावलं, हाडाला भोक पाडलं आणि सुईनं आतला पू काढला. तपकिरी, घट्ट पू. क्षय असावा असं त्यांचं मत पडलं. त्यांनी क्षयाची औषधं सुरू केली आणि पू माझ्याकडं पाठवला.

काचेवर मला पेशी दिसल्या, जंतू दिसले नाहीत. धागे दिसले. तपकिरी, एकमेकांत गुंतलेले. मी मनात म्हटलं, जिनातला माणूस, रुई असणारच. जिनातल्या माणसाच्या कवटीच्या आत रुई कशी जाईल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. कापसाचा तंतू चपट्या फितीसारखा असतो, मधून मधून पीळ पडलेला. बुरशीचा धागा गोल असतो, त्याला बांबूसारखी पेरं असतात, फांद्या फुटतात. आणि ही काळी बुरशी तर रंग न देताही तपकिरी दिसते, कारण तो रंग तिचा स्वतःचा असतो. पुवाचा एक थेंब रंग न देता नुसता पाहिला असता तरी कळलं असतं. एक मिनिट लागतं.

बाराव्या दिवशी त्याच्या बाटलीत हिरव्या खाद्यावर काळपट, मखमलीसारखी बुरशी उगवली. हवेतली बुरशी त्या गरम पेटीत बहुधा जीव धरत नाही. ही मात्र खुशाल पसरली होती. तेही माझ्या नजरेतून सुटलं. बाटली डब्यात गेली. अहवालावर शिक्का बसला, ‘नमुना अस्वच्छ’, आणि नमुना पुन्हा मागवला.

अहवाल न्यायला सुभद्राबाई आली. तिनं तो माझ्यासमोर धरला आणि वाचून दाखवा म्हणाली. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यांत तिचा दीर श्रावणही होता. मी वाचून दाखवलं, आणि कोणी न विचारता वर व्याख्यान दिलं. घर झाडत जा. त्याचं डोकं धूत जा. तुझ्या घरची घाण त्याच्या डोक्यात गेली आणि आमच्या बाटल्याही नासल्या. मी तिला ‘तू’ म्हणालो, हे मला आता आठवतं. तेव्हा दुसरं काही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

ती म्हणाली, “बाबूजी, मी तं रोज आंग पुसून देतो त्यायचं.”

मी म्हणालो, “मग नीट पुसत नसशील.”

बाकावर कोणीतरी हसलं. मला बरं वाटलं.

या बोलण्यातला मूर्खपणा पाहा. पू हाडाच्या आतून निघाला होता. तिथं तिचा झाडू पोचत नव्हता, तिचा हात पोचत नव्हता, तिची घाण, असलीच तर, पोचत नव्हती. नमुना खराब झालाच असेल तर दोन जागा होत्या, सर्जनची सुई किंवा माझं टेबल. पण फौजी सर्जनच्या सुईवर बोट ठेवायची माझी छाती नव्हती, आणि स्वतःच्या टेबलावर ठेवायची अक्कल नव्हती. उरली कोण, तर ती.

आठवड्यानं सर्जननी पुन्हा पू काढला. त्याआधी तिनं वॉर्डातली खाट सोड्यानं धुतली, नवऱ्याचे कपडे उकळले, स्वतः दोनदा आंघोळ करून त्याच्या उशाशी बसली. वॉर्डातल्या नर्सनं हे मला हसत हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. बाराव्या दिवशी बाटलीत तीच काळी मखमल. त्याच माणसाच्या डोक्यातून दुसऱ्यांदा तीच बुरशी येते, तेव्हा ती हवेतून पडलेली नसते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला मात्र राग आला. माझी दुसरी बाटली वाया गेली, याचा राग. मी पुन्हा शिक्का मारला आणि या वेळी पेनानं खाली लिहिलं, ‘घरची राहणी गलिच्छ’. तिच्या घरापासून मी दहा कोसांवर बसलो होतो.

ती बाहेर उभी होती. काय निघालं म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, परत तेच. दीर तिच्याकडं पाहत राहिला.

त्यानंतर अकराव्या दिवशी झटके येऊन किसन गेला.

तो गेल्याचं मला त्या आठवड्यात कळलं आणि पुढच्या आठवड्यात मी विसरलो. आमच्या धंद्यात माणसाला क्रमांक असतो, चेहरा नसतो, असं आम्ही मोठ्या रुबाबात सांगतो. ते खोटं आहे. बड्यांना चेहरा असतो. त्यांच्या नमुन्याच्या बाटल्यासुद्धा मला तोंडपाठ होत्या.

चार-साडेचार वर्षं गेली. बासष्टच्या पावसाळ्यात जनावरांचे डॉक्टर खोडे एक बरणी काखेत धरून जिन्याखाली आले. हा तिरकस माणूस. चांगला शिकलेला, पण आमच्यासारख्यांशी मुद्दाम ठसठशीत वऱ्हाडीत बोलायचा. एका बड्या अधिकाऱ्याचा विलायती कुत्रा गेला होता. महिनाभर तो गोल गोल फिरायचा, भिंतीला डोकं लावून उभा राहायचा, मग झटके. पिसाळला असेल या भीतीनं सगळ्या बंगल्याला पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. मेल्यावर अर्धा मेंदू तपासणीला बाहेर पाठवला, तो पिसाळलेला नव्हता असा निकाल आला. उरलेल्या अर्ध्यात खोड्यांना काळपट गळू सापडलं होतं. त्यांच्याकडं चांगला मायक्रोस्कोप नव्हता, म्हणून ते माझ्याकडं आले.

मी काच केली, डोळा लावला आणि म्हणालो, “काही नाही, डॉक्टरसाहेब. रुई आहे.”

खोडे शांतपणे म्हणाले, “रुई? श्रावनात? बाबू, जिनाले कुलूप हाय, त्या कुलपाले जंग चढला. आन् हे रुई कुत्र्याच्या टाळक्यात कोनं भरली, गादीवाल्यानं?”

मी पुन्हा डोळा लावला. या वेळी उडी मारायला जागा नव्हती. गोल धागे होते. पेरं होती. फांद्या होत्या. रंग अजून दिलाच नव्हता, तरी ते तपकिरी होते.

खाद्यावर पेरलं. दहाव्या दिवशी काळी मखमल आली. आणि तरीही, सवय म्हणजे काय चीज असते पाहा, माझा हात बाटली घेऊन उकळायच्या डब्याकडं गेला. खोडे योगायोगानं तिथंच बसले होते.

“कायले उकळता?” त्यांनी विचारलं.

“नमुना अस्वच्छ,” मी म्हणालो.

“अस्वच्छ? त्या कुत्र्याले बाईसाहेब रोज वासाच्या साबनानं आंघोळ घालत होत्या. तुमाले-मले तसा साबन लग्नातबी भेटला नाई. मारता का शिक्का? मारा, मी नेऊन देतो बंगल्यावर.”

मी शिक्का मारला नाही. बंगल्याला ‘घरची राहणी गलिच्छ’ असं लिहून देणारा बाबू आमच्या जिल्ह्यात जन्माला यायचा होता. उलट आमच्या दवाखान्यात धावपळ सुरू झाली. ज्या मोठ्या डॉक्टरांनी माझा एकही अहवाल वाचला नव्हता, ते जिन्याखाली उतरले, डोकं आपटून घेतलं, आणि बाटली कशी बांधायची याच्या सूचना देऊ लागले. कुत्र्याच्या बुरशीसाठी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेला तीन पत्रं गेली. माणसाच्या बुरशीसाठी एक गेलं नव्हतं.

उत्तर आलं. ही काळ्या रंगद्रव्याची बुरशी आहे. माती, कुजकं लाकूड अशा ठिकाणी ती राहते. श्वासातून किंवा जखमेतून शरीरात शिरत असावी, नक्की कोणालाच ठाऊक नाही. कुत्र्या-मांजरांत आणि माणसांत फार क्वचित ती मेंदूत गळू करते. धडधाकट माणसालाही होऊ शकते. शेवटी एक प्रश्न होता: आपल्या भागात माणसात असा रोगी आढळला आहे काय?

मोठे डॉक्टर म्हणाले, “लिही, नाही.”

मी लिहिलं, नाही.

पत्र टपालात पडलं आणि मी जुन्या वह्या काढल्या. किसनच्या दोन्ही नोंदी सापडल्या, दोन्हींसमोर शिक्का. जातीच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात त्यानं सोडलेली जात. काचा आम्ही धुऊन पुन्हा वापरत असू, पण सर्जननी क्षयाच्या संशयाच्या काचा ठेवायला सांगितल्या होत्या, त्यामुळे त्याची पहिली काच डब्यात होती. डोळा लावला. पेरं होती. फांद्या होत्या. साडेचार वर्षं ती तिथं पडून होती आणि त्यातलं काहीही हललं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “कशाला उकरतोस? तो तसाही मेलाच असता.” हे खरं आहे. त्या वेळी या रोगावर कुणाजवळ खात्रीचं औषध नव्हतं. आजही फारसं नाही. फार तर सर्जननी गळू मुळापासून काढायचा प्रयत्न केला असता, आणि तोही फसला असता. हे वाक्य मी पुढचे काही महिने दोन वेळा जेवणानंतर घेत होतो. त्यानं गुण येत नव्हता. कारण तो मेला, हा माझा गुन्हा नव्हताच. त्याच्या मरणाचं कारण म्हणून मी त्याच्या बायकोचं नाव लिहून दिलं होतं, हा होता.

मी संस्थेला स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, आधीचं ‘नाही’ चुकीचं आहे असं कळवलं आणि काच पाठवली. उत्तर सभ्य होतं. हे पेरांचे तपकिरी धागे बुरशीचेच आहेत, पण खाद्यावर वाढवलेली बुरशी उपलब्ध नसल्यामुळे तिचं नाव सांगता येत नाही. ती उपलब्ध का नव्हती, ते त्यांनी विचारलं नाही.

दवाखान्यात ही गोष्ट पसरली. कंपाउंडर म्हणाला, बाबू आता त्या वस्तीत जाऊन पाय धरणार वाटतं. एक वयस्क नातेवाईक म्हणाले, पत्र टाक, फार तर भरपाई म्हणून लुगडं पाठव, जायची काय गरज. ही सगळी सुशिक्षित माणसं. मीही त्यांच्यातलाच होतो, म्हणून जायला आणखी तीन महिने लावले.

शेवटी एका दुपारी एस.टी.नं बाभुळगावला उतरलो आणि पुढं पायी गेलो. सुभद्राबाईचं घर विचारावं लागलं नाही. सगळ्या गल्लीत एकाच घराचं अंगण ओलं होतं. ती दारातला दगड घासत होती. हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, बोटांना चिरा. सोड्यानं माणसाचे हात असे होतात. तिनं मला ओळखलं. खाट टाकली नाही, पाणीही विचारलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. बुरशी, माती, धागे, माझी चूक. बराच वेळ बोललो. ऐकणारं कोणी जवळ नाही हे मी आधी पाहून घेतलं होतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मले सांगून काय होते, बाबूजी? आमच्या घरी घान नव्हती हे मले तवाबी मालूम होतं.”

तिनं पुन्हा दगड घासायला घेतला.

“तुमी तवा बाकावरच्या लोकाईसमोर बोलले. श्रावनभाऊनं ते गावात आनलं. आमच्यात कोनाकडं लगन असो, मयताचं पुन्यानुमोदन असो, बाया मले पीठ मयू देत नाई. भाजी चिरू देत नाई. बस म्हंतात, मावशी, तू बसून राह्य. पाच वर्सं झाले, मी बसूनच राह्यलो. तुमाले सांगाचं असन तं तिथं सांगा.”

ज्या माणसांनी शतकानुशतकांचं अस्पृश्यपण नागपूरला जाऊन टाकून दिलं होतं, त्यांच्या वस्तीत मी ते एका रबरी शिक्क्यानं परत पाठवलं होतं, आणि त्यांच्यातल्याच एका बाईच्या वाट्याला घातलं होतं. माझ्यासारख्याचा शब्द त्या लोकांनी खरा का मानावा, असा उद्धट प्रश्नही माझ्या मनात आला. उत्तर सोपं होतं. मी छापील कागदावरून वाचला होता, आणि खाली डॉक्टरची सही होती.

मी म्हणालो, कधी येऊ. ती म्हणाली, पौर्णिमेले सारे विहारात जमतात.

विहार म्हणजे तेव्हा एक पत्र्याची खोली होती, पुढं सारवलेलं अंगण. वंदना झाली. साठ-सत्तर माणसं असतील. एका बाजूला चुलीवर मोठं पातेलं होतं, बायका पोळ्या लाटत होत्या, आणि सुभद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. श्रावण पुढंच होता. माझी ओळख करून दिली गेली आणि मी उभा राहिलो.

मी रात्रभर तयारी केली होती. तयारी कशाची, तर शब्दांची. मी म्हणालो की पूर्वी एका रुग्णाच्या नमुन्याबाबत तपासणीत काही त्रुटी राहून गेली होती, त्यामुळे जो गैरसमज निर्माण झाला असेल त्याबद्दल खेद वाटतो. तीन पिढ्यांची कारकुनी माझ्या तोंडून बोलत होती. त्रुटी आपोआप राहिली होती, गैरसमज आपोआप झाला होता, आणि मी तिथं जणू टपाल पोचवायला आलो होतो. बोलून खाली बसायला वाकलो.

मागून एक म्हातारा म्हणाला, “मागं काईच ऐकू नाई आलं, बाबू. आन् पुढच्याईले समजलं नाई. कोनाची चूक, ते साधं सांगा.”

कोणी हसलं नाही. मी पुन्हा उभा राहिलो. लाटणी थांबली होती. सुभद्राबाई जमिनीकडं पाहत होती, मग तिनं मान वर केली.

मी म्हणालो, “चूक माझी. किसनभाऊंच्या मेंदूत काळी बुरशी झाली होती. ती मातीतून येते. कोणालाही होते, साहेबाच्या कुत्र्यालाही झाली. ती घाणीनं होत नाही. मला ती दोनदा दिसली, ओळखता आली नाही. मी ती फेकून दिली आणि माझं अज्ञान झाकायला सुभद्राबाईंना गलिच्छ म्हटलं. यांनी सांगितलेला धर्मही मी लिहिला नाही. यांच्या घरात घाण नव्हती, यांच्या हातात नव्हती. श्रावणभाऊ, तुम्ही दवाखान्यातून जे ऐकून आलात ते खोटं होतं, आणि ते मी सांगितलं होतं. सुभद्राबाई, मी तुमच्याशी फार वाईट वागलो. मला क्षमा करा.”